रिकामी जागा नीट ठेवायला हवी

मा. संपादक,
स. न.

14 जानेवारी जवळ येतो आहे. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला सेवानिवृत्त झाले, म्हणून हा दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. निवृत्त जवानांचे मोटारसायकल ग्रुप त्या दिवशी किंवा लगतच्या रविवारी, वर्षभरात गेलेल्या सोबत्यांसाठी स्मृती-राइड काढतात. ही राइड कशी काढावी आणि कशी काढू नये, याबद्दल हे पत्र आहे.

आधी एक गोष्ट. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात 25 हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. पुण्यात दक्षिण कमांडचे युद्ध स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, 1998 साली खुले झाले. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत 1914–1919 च्या महायुद्धाची शिळा आहे. गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, असे दोनच आकडे तिच्यावर असतात. हे सगळे दगड रणांगणावर पडलेल्यांचे. चोवीस वर्षे नोकरी करून, पेन्शन घेऊन, सदुसष्टाव्या वर्षी मधुमेहाने घरी वारलेल्या हवालदाराचे नाव यांतल्या कुठल्याच दगडावर येत नाही, येणारही नाही. त्याच्यासाठी सोबत्यांनी काढलेली राइड हेच त्याचे स्मारक. म्हणून ती हौसेची मिरवणूक होता कामा नये.

फलकावर त्याला ‘शहीद’ लिहू नका. लष्कर स्वतः हा शब्द वापरत नाही, आणि घरी वारलेल्या माणसाला तो लावला की त्याची खरी नोकरी झाकली जाते. ‘दिवंगत माजी सैनिक’ एवढे पुरेसे आहे. त्याखाली हुद्दा, नाव, पलटण, सेवेची वर्षे. लष्करी क्रमांक आणि पेन्शनच्या कागदावरचा नंबर फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकू नये. असे नंबर हाती लागले की विधवेला पेन्शन कार्यालयातून बोलतोय म्हणून फोन करणाऱ्या भामट्याचे निम्मे काम होते.

दुसरी चूक तिरंग्याची. मागच्या सीटला काठी बांधून तिरंगा फडकवत ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या बुलेटचे फोटो सगळ्यांना आवडतात, पण ध्वजसंहितेत ते बसत नाही. वाहनावर ध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. वाहनाच्या बाजूला, मागे किंवा वरून तो पांघरताही येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहार आहेच. वाऱ्याने ध्वजाची मोकळी कड तासाभरात उसवते, आणि फाटका ध्वज लावणे हा पुन्हा अवमान. काठी सीटच्या पट्ट्यातून सैल होऊन मागच्याच्या तोंडावर येते. कापड सुटून चेनमध्ये किंवा स्पोकमध्ये गेले तर चाक जाम होते. ध्वज हवा असेल तर घडी करून पेटीत न्यावा आणि कार्यक्रमाच्या जागी खांबावर लावावा. गाड्यांना काळी फीत पुरते: वीतभर लांब, आरशाच्या दांड्याला गाठ मारून, ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरपासून दूर.

14 जानेवारीला बहुतेक वर्षी संक्रांत असते, हे कार्यक्रम ठरवताना कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे पतंग, आणि पतंग म्हणजे नायलॉनचा मांजा. बंदी आहे, तरी तो दरवर्षी दुचाकीस्वारांचे गळे कापतो. नाशिक-येवल्याकडे जाणाऱ्यांनी तर त्या दिवशी निघूच नये, पुढचा रविवार धरावा. त्याच दिवशी निघायचे असेल तर पहाटे निघून नऊच्या आत पोहोचावे, हँडलवर दोन्ही बाजूंना उलट्या ‘यू’ आकाराची तार लावावी आणि गळ्याला जाड चामडी पट्टा बांधावा. सुती मफलरने मांजा अडत नाही.

आता मुख्य गोष्ट, रिकामी जागा. गेलेल्या सोबत्याची जागा रांगेत मोकळी ठेवून चालायचे, ही रीत विमानांच्या सलामीतून आली. आकाशात मधली जागा कुणी भरत नाही. आपल्या रस्त्यावर तीन सेकंदांत तिथे स्कूटर येते. म्हणून ती जागा संपूर्ण प्रवासभर ठेवण्याचा हट्ट धरू नये.

प्रवासात रांग अशी असावी. गाड्या एकामागे एक नाहीत आणि जोडीनेही नाहीत, तिरप्या. पुढारी, म्हणजे रांगेतला पहिला, लेनच्या उजव्या भागात, दुसरा त्याच्या एक सेकंद मागे डाव्या भागात, तिसरा पुढाऱ्याच्या बरोबर मागे दोन सेकंदांवर. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. तीस गाड्यांची रांग या हिशोबाने तीनशे मीटरच्या पुढे जाते, आणि कोणताही सिग्नल ती तोडतो. मागे राहिलेले मग गाठायला जोर लावतात. अपघात बहुधा तिथेच होतो, पुढच्यांना पत्ताही नसतो. म्हणून आठ-आठच्या तुकड्या कराव्यात, ऐंशी मीटरमध्ये एक बसते. प्रत्येक तुकडीला पुढारी आणि शेवटचा माणूस ठरलेला, दोन तुकड्यांत किमान पाच मिनिटे. खंबाटकी असो की कात्रज, घाटात तिरपी रांग मोडून एकेरी व्हावे. मुंबईहून येणाऱ्यांनी जुना महामार्गच धरावा, द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे.

रिकामी जागा ठेवायची ती शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर. स्मारकाच्या आधी मोकळा, सरळ रस्ता निवडून स्थानिक पोलिसांना आधी लेखी कळवावे. पुढारी उजवीकडे, त्याच्या डावीकडची म्हणजे दुसऱ्या गाडीची जागा मोकळी. तिसरा आणि चौथा हे सर्वांत अनुभवी लोक असावेत, कारण नवखा माणूस समोर मोकळी जागा दिसली की नकळत पुढे सरकतो आणि जागा भरून टाकतो. चौथ्याने डाव्या कडेला धरून चालावे, म्हणजे डावीकडून घुसणाऱ्याला वाट मिळत नाही. वेग ताशी 15. या वेगाने पाचशे मीटर जायला बरोबर दोन मिनिटे लागतात, मौनाला लागतात तेवढीच. याहून लांब अंतर हळू चालवू नये. एअरकूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही, अर्ध्या क्लचवर चालून प्लेटा जळतात, आणि सत्तरीच्या माणसाला पावणेदोनशे किलोची गाडी त्या वेगात सावरणे जड जाते. या टप्प्यात हॉर्न नाही, उभ्या जागी इंजिन रेस करणे नाही. फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर असलेली गाडी स्मृती-राइडमध्ये घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कित्येक घरांत गेलेल्याची गाडीच राइडला न्यायची इच्छा असते. मुलगा किंवा पुतण्या ती चालवतो. भावना मोठी आहे, पण धोकाही इथेच सर्वांत जास्त. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. आजच्या गाडीवर शिकलेला पोरगा घाबरला की उजवा पाय दाबतो, ब्रेक लागत नाही, गिअर बदलतो. त्याने आधी मोकळ्या मैदानात किमान दोन दिवस सराव करावा, नाहीतर ती गाडी टेम्पोतून न्यावी. टेम्पोतून नेण्यात कमीपणा नाही.

सहा महिने उभी असलेली बुलेट राइडच्या आदल्या दिवशी किक मारून निघत नाही. पंधरा दिवस आधी मिस्त्रीकडे द्यावी. जुन्या इंजिनात ऑइल क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्याच्या, मागच्या कप्प्यात असते आणि गाडी उभी राहिली की पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरते. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल कमी दिसते, माणूस वरून भरतो, आणि सुरू केल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, ऑइल बाहेर फेकले जाते. आधी खालचे बोल्ट काढून सगळे ऑइल सोडावे, मगच नवे भरावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते, टाकी आतून गंजते आणि कार्ब्युरेटरचा जेट बुजतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. न्यूट्रलमध्ये लिव्हर पूर्ण दाबून सात-आठ किका माराव्यात, सुटतात. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 1417 म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी एवढा जुना टायर बदलायचाच, रबर आतून तडकलेले असते.

गाडी तयार झाली तरी कागद राहतात. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवले तर वारस तीन महिने गाडी वापरू शकतो, आणि त्याच तीन महिन्यांत नमुना 31 भरून नावावर करून घ्यायची असते. विम्याचेही तसेच. पण राइड वर्षातून एकदाच असते, तोवर बहुतेकांची मुदत उलटलेली असते. त्या गाडीने कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई विधवेच्या दारात येते. 2021 पासून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, वारसाचे नाव आधीच नोंदवता येते. ग्रुपमधल्या प्रत्येकाने हयातीतच ते करावे. स्वतःचा परवानाही तपासावा. पंचावन्न वर्षांनंतर तो पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, वैद्यकीय दाखल्यासह, आणि संपल्याचे बहुतेकांना पोलिसाने थांबवल्यावरच कळते.

स्मारकापाशी क्रम साधा असावा: पुष्पचक्र, बिगुलवर लास्ट पोस्टची धून, दोन मिनिटे मौन, मग बिगुलवर राउजची धून. पुष्पचक्र गाडीला बांधून नेऊ नये. वाऱ्याने पाकळ्या उडून नुसता सांगाडा पोहोचतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून सोबतच्या मोटारीतून न्यावे. बिगुलर हवा असेल तर तिथल्या लष्करी छावणीच्या स्टेशन हेडक्वार्टर्सला महिनाभर आधी पत्र द्यावे. मिळाला नाही तर स्पीकरवर वाजवावे, पण तो फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, नाहीतर मौन चालू असताना रिंग वाजते. हेल्मेट काढून डाव्या हातात. डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट नाही, नुसते सावधान. पदके कोटावर तिथे गेल्यावरच लावावीत, प्रवासात थरथरीने पिना सुटतात. नावे वाचताना प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबावे. भाषणाची गरज नाही.

आणि राइड संपल्यावर त्याच्या घरी जावे. हार घालून चहा पिऊन परतू नये, कागदांची पिशवी मागून पाहावी. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), आधार, पॅन, बँकेचे पुस्तक. ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत मृत्यूची नोंद झाली का, ते विचारावे. नोंद झाली नाही तर पेन्शन जमा होत राहते, मुलगा एटीएममधून काढत राहतो, आणि पुढे ती सगळी रक्कम त्याच खात्यातून वसूल होते. नवऱ्याचे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड परत करावे लागते, पण कुटुंब पेन्शन मिळणाऱ्या पत्नीची सोय चालू राहते, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

सगळ्यात जास्त अडते ते नावात. लग्नाच्या वेळी पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला कळवलेले नाव एक, सासरी ठेवलेले दुसरे, आधारवरचे तिसरे. जवान हयात असताना हा फरक त्याच्या अर्जावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दुरुस्त करणे सोपे असते. तो गेल्यावर तीच बाई ‘मी तीच’ हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे घेऊन तालुका ते जिल्हा हेलपाटे घालते आणि तोवर पेन्शन थांबलेली असते. तेव्हा या 14 जानेवारीला जे जमतील त्यांनी आपापला पीपीओ आणि पत्नीचे आधार कार्ड सोबत आणावे. निघण्याआधी चहाच्या वेळी शेजारी शेजारी ठेवून दोन्हीकडचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी. एका माणसाला पाच मिनिटे लागतात.

आपले,
काही माजी सैनिक दुचाकीस्वार, पुणे