पाय थंड आहे की सुजला आहे, ते आधी पाहा

संपादक महोदय,

थंडी पडू लागली की ‘पायाचं रक्त गोठलंय’ अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येणारे वाढतात. या एका वाक्यामागे दोन निराळे आजार असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो, म्हणून हे पत्र.

पहिला आजार रोहिणीचा, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीचा. पाय थंड व फिकट पडतो, थोडे चालले की पोटरीत कळ येते, उभे राहिले की काही मिनिटांत ती थांबते. रक्त खाली पुरेसे पोहोचतच नाही. मधुमेह आणि तंबाखू ही नेहमीची कारणे. विडी ओढणाऱ्या तिशी-पस्तिशीच्या पुरुषांत बर्जरचा आजार, म्हणजे तंबाखूने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबण्याचा आजार, बोटे काळी पाडतो. ‘फक्त जेवणानंतर एक’ एवढी विडी ठेवली तरी तो थांबत नाही.

दुसरा शिरेचा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीचा. बहुधा एकच पाय सुजतो, गरम लागतो, पोटरी जड होऊन दुखते. इथे रक्त खाली येते, पण वर परतत नाही. ते वर चढवतो पोटरीचा स्नायू, चालताना शीर पिळून. तो तासन्‌तास हलला नाही की रक्त साचते आणि गोठू लागते. त्यात शिरेला इजा झाली किंवा रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढला, तर गुठळी लवकर धरते. नुसते दोन्ही पाय गार पडतात म्हणून गुठळी होईल, असे मात्र नाही. मधुमेहात तर हाताला कोमट लागणारा पायही रुग्णाला गार वाटतो. तो गरम विटेने शेकला की फोड येतात, कारण चटका कळत नाही.

घरी शिंप्याची टेप असतेच. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक 3 सेंटिमीटरहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतून रक्त वाहते की नाही ते दाखवणारी तपासणी) करावी. फरक कमी निघाला म्हणून निर्धास्त राहू नये. सुजलेली पोटरी तेल लावून रगडू नका; गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचले, थुंकीत रक्त दिसले तर 108 ला फोन करा.

आपल्याकडच्या दोन सवयी इथे नडतात. बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर ठेवायचे आणि पाणीही मोजून द्यायचे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे, सिझेरियन झाले असेल तर अधिकच. डॉक्टरांनी उठायला सांगितले की चालवावे, पाणी भरपूर द्यावे. दुसरी सवय, वारी, महालक्ष्म्या किंवा घरचे लग्न आले की पाळी पुढे ढकलायला मेडिकलवरून परस्पर आणलेल्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या. स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला गुठळी झालेली असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

लातूर-नांदेडहून मुंबईला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून जाणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने दोन्ही पंजे 20-30 वेळा वर-खाली करावेत. लघवीला उतरावे लागेल म्हणून पाणी तोडू नये.

दाबाचे मोजे कुणी सांगितले म्हणून घालू नयेत. शिरेच्या सुजेत ते उपयोगी, पण रोहिणी तुंबलेली असेल तर उरलासुरला पुरवठाही दाबून टाकतात. पाय उशीवर उंच ठेवण्याचेही तेच: शिरेच्या रुग्णाला आराम, रोहिणीच्या रुग्णाला कळा. आधी डॉक्टरांकडून घोट्याजवळची नाडी तपासून घ्यावी. पाय एकाएकी पांढरा, गार पडला, बोटे हलेनात, तर रोहिणीतच गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा पाय वाचवायला साधारण सहा तास मिळतात, आणि त्यातले दोन-तीन गाडी शोधण्यातच जातात.

शिरेच्या गुठळीवर रक्त पातळ ठेवण्याचे औषध किमान तीन महिने लागते. सूज उतरली की ते आपणहून बंद करणारेच पुन्हा सुजलेला पाय घेऊन येतात. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती सावकाश गोठते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) बहुधा 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. मेथी-पालक सोडायची गरज नाही, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. अंगदुखीची गोळी मात्र दुकानातून परस्पर घेऊ नये, रक्तस्राव होतो.

— पायाच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, अंबाजोगाई