कमिटीवर निवड झालेल्या मुलास पत्र

बेळगाव

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सलाम.

निपाणीच्या चर्चच्या मंडळीने तुला कमिटीवर निवडले, याचा तुझ्या आईला व मला फार आनंद झाला. मात्र ‘आता म्हाताऱ्यांनी घरी बसावे, म्हणजे कामे मार्गी लागतील’ हे तुझे वाक्य मला खटकले, आणि त्याविषयीच लिहीत आहे.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्ट चर्चच्या हाती आले. मेथडिस्ट पद्धतीत पाळकांची नेमणूक बिशप करतात, त्यामुळे पाळक येतात, जीव लावतात आणि बदली झाली की दुसऱ्या गावी जातात. दफनभूमीची हद्द कोणासमक्ष ठरली, कोणत्या दोन घरांत बोलणे का तुटले, मराठी आणि कन्नड उपासनेच्या वेळा कोणत्या समजुतीने ठरल्या, हे इतिवृत्ताच्या वहीत क्वचितच सापडते. ते जुन्या माणसांना ठाऊक असते, आणि नव्या पाळकाला ते सांगणारे कोणी नसेल तर जुनीच भांडणे नव्याने उभी राहतात.

भाषेचा विषय तुमच्याकडेही निघाला आहे, म्हणून प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाच. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही आणि वाटणी स्वतःच्या हातातही ठेवली नाही. चांगल्या नावाची, आत्म्याने व शहाणपणाने भरलेली सात माणसे निवडा, असे त्यांनी मंडळीला सांगितले. स्तेफन, फिलिप्प यांच्यासह त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांच्याच ओळखीची माणसे पुढे आली असावीत, असे मला वाटते. आपल्या सीमाभागात कमिटी नेमताना याहून चांगला धडा मला माहीत नाही.

शलमोन राजाचा मुलगा रहबाम याची गोष्ट तर आपण मुलांना शिकवतो, पण अर्धीच. लोकांनी ओझे हलके करण्याची विनंती केली तेव्हा त्याने वडीलधाऱ्यांना विचारलेच नाही, असे नाही. लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, असे त्यांनी सांगितले. ते त्याला रुचले नाही, म्हणून तो बरोबर वाढलेल्यांकडे गेला, आणि त्यांनी कडक उत्तर शिकवले. इस्राएलचे दहा वंश फुटून गेले. गादीवर आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, तेव्हा त्याचे ते ‘तरुण’ सोबतीही चाळिशीच्या आसपासचेच असणार. (तुझी पस्तिशी उलटली आहे, हे मी विसरलेलो नाही.)

केवळ पिकलेल्या केसांना मान दे, असे मी म्हणत नाही. खुर्ची सुटेना म्हणून दरवर्षी उभे राहणारे म्हातारे मीही पाहिले आहेत, आणि कळपावर धनीपण करू नका, असे पेत्राने मंडळीच्या वडिलांनाच बजावले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीसाठी साठ वर्षांची अट आहे, पण मंडळीच्या अध्यक्षाच्या पात्रतेत वयाचा आकडा नाही. तो नवशिका नसावा, द्रव्यलोभी नसावा आणि त्याने आपले घर नीट चालवावे, अशा गोष्टी सांगितल्या आहेत. त्याच पत्रात तीमथ्याचे तारुण्य कोणी तुच्छ मानू नये, असेही आहे. म्हणून माणूस पारखताना एवढे पाहा: पैशाच्या बाबतीत त्याच्याकडे कोणी बोट दाखवले आहे काय, आणि स्वतःच्या नातलगाची चूक असताना तो बैठकीत काय बोलला.

अशी दोन-तीन माणसे तुमच्या मंडळीत नक्कीच असतील, कदाचित कमिटीबाहेरही. उपासनेच्या वेळा बदलण्याचा ठराव मांडण्याआधी त्यांच्या घरी जा, कन्नड बोलणाऱ्या कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांकडेही जा, आणि ठरावाचा मसुदा बरोबर न नेता त्यांचे आधी ऐकून घे. ठराव त्यानंतर लिही.

तुझा,
बाबा