कार्बाइड ग्रिट बँडसॉ ब्लेड सदोष निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष ब्लेडची किंमत व झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत

महोदय,

मी साताऱ्यात धनुष्ये बनवतो. आत बांबूच्या पट्ट्या, दोन्ही अंगांना फायबरग्लास, मधे चिकटवायला इपॉक्सी. बहुतेक शिकाऊ मुलांसाठी, २० ते ३० पौंड ताणाची. गेल्या महिन्यात तुमच्याकडून १४ इंची बँडसॉला (दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड पट्टीच्या करवतीला) बसणारे, ९३.५ इंच लांब व पाव इंच रुंद असे कार्बाइड ग्रिट ब्लेड ४,८५० रुपयांना मागवले. वेष्टनावर ‘फायबरग्लाससाठी’ असे स्पष्ट छापले आहे.

एवढे महाग ब्लेड हौस म्हणून घेतले नव्हते. साधे कार्बन स्टीलचे ब्लेड फायबरग्लासच्या काचेवर एका धनुष्यातच बोथट होते. बायमेटलचे थोडे जास्त टिकते, पण धार गेली की तेही कापायचे सोडून घासायला लागते. घासले की तापते आणि तापले की इपॉक्सी मऊ पडते. कडेला करपट वास आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आतला सांधा सुटला असला तरी बाहेरून काही दिसत नाही. ग्रिटच्या ब्लेडला दात नसतात. टंगस्टन कार्बाइडचे कण कडेवर डाख देऊन बसवलेले असतात, म्हणून काच ओढली न जाता झिजत जाते. त्यासाठीच पैसे मोजले.

पहिलेच धनुष्य लावले. रेघेवर मास्किंग टेप चिकटवली होती, रेघेबाहेर दीड मिलिमीटर माल सोडला होता. वीतभर कापले नाही तोच ब्लेड थरथरायला लागले, आणि वरच्या लिम्बच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेच्या) टोकाजवळ काचेचे एक कुसळ उठले. या काचेचे धागे सगळे लांबीच्याच दिशेने असतात. एकदा कुसळ उठले की ते बाहेर निघून जात नाही, धाग्याधाग्याने आत सरकते. हे रेघ ओलांडून बोटभर आत गेले. तिथे कानस किंवा सँडिंग बेल्ट काही कामाचा नाही. असे धनुष्य ताणले तर त्याच जागी फाटणार, आणि तेव्हा ते बारा वर्षांच्या पोराच्या तोंडासमोर असणार. मी ते मोडीत काढले.

मग प्लग काढून ब्लेड तपासले. चाक हाताने फिरवले तर दर फेऱ्याला एकदा, नेमक्या वेल्डवर (ब्लेडच्या जोडावर), मागचे बेअरिंग ढकलले जाते. ब्लेडची दोन टोके सरळ रेषेत जोडलेलीच नाहीत. वेल्डच्या अलीकडे दीड इंचभर कडेवर एकही कण नाही. भिंगातून नुसते गुळगुळीत पोलाद दिसते. फोटो व व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की वापरलेले कटिंग टूल परत घेतले जात नाही. ब्लेड कापायला लावल्याशिवाय वेल्ड वाकडी आहे हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? दुसऱ्यांदा फोन केला तर ‘फायबरग्लाससाठी वेगळे ब्लेड घ्या’ असा सल्ला मिळाला. वेष्टन समोर धरूनच मी बोलत होतो.

ते धनुष्य एका मुलीसाठी होते. अदिती स्वामी आमच्याच जिल्ह्यातली. २०२३ मध्ये ती बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून माझ्याकडे मुली जास्त येतात. ती कंपाउंडवर (कप्प्या बसवलेल्या धनुष्यावर) खेळते हे खरे, पण हात बसतो तो हलक्या धनुष्यावरच. या मुलीला मी स्पर्धेआधी धनुष्य देण्याचा शब्द दिला होता. तो पाळता आला नाही.

माझी मागणी अशी : ब्लेडचे ४,८५० रुपये आणि वाया गेलेल्या काच, बांबू व इपॉक्सीचे ३,२०० रुपये परत करावेत. त्याच बॅचची उरलेली ब्लेडे विकण्याआधी वेल्ड तपासावी. ग्रिट बारीक, मध्यम की जाड, हेही वेष्टनावर छापावे. आज ते कुठेच लिहिलेले नाही आणि धनुष्याच्या कामात त्याने फार फरक पडतो.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. ब्लेड आणि धनुष्याचा तो तुकडा मी तसाच ठेवला आहे. तुमचा माणूस पाठवा, वर्कशॉप सकाळी नऊपासून उघडे असते.

आपला,
एक धनुष्य कारागीर, सातारा