प्रतीकांची कोष्टकं पाठ करून कथा कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की नमुना उत्तरांचं पीक येतं. गाइडांत, शिकवणीच्या नोट्समध्ये, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही ‘कथेतील प्रतीके स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली तयार यादी असते. दिवा म्हणजे आशा, पाऊस म्हणजे दुःख, वाट म्हणजे आयुष्य. मुलं ती पाठ करतात आणि हाती येईल त्या कथेला चिकटवतात. गुण मिळतात, पण कथा वाचायचीच राहून जाते. त्याची हळहळ वाटते म्हणून हे पत्र.

ठरलेले अर्थ कुठेच नसतात असं नाही. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफबाजारात, कोल्हापुरी साज हातात घेऊन बघा. त्यातला मासा म्हणजे मत्स्यावतार, कासव म्हणजे कूर्मावतार, हे परंपरेनं पक्कं आहे. याच गावात राहिलेल्या वि. स. खांडेकरांनी रूपककथा हा प्रकार मराठीत रुजवला, त्यातही वस्तूमागचा अर्थ लेखकानं बऱ्यापैकी बांधून दिलेला असतो. लघुकथेतल्या वस्तूला असा आयता अर्थ नसतो, तो कथा पुढे सरकताना चढत जातो. म्हणून ती वस्तू कुणाच्या हातात आहे, तिची किंमत काय, ती कितव्यांदा आली आणि मागच्या खेपेपेक्षा काय बदललं, हे आधी टिपायला हवं.

फ्रेंच लेखक मोपासाँची हिऱ्यांच्या हाराची कथा (1884) घ्या. तिचं ठरलेलं उत्तर असं: हार म्हणजे खोट्या प्रतिष्ठेचं प्रतीक आणि शेवट धक्कादायक. मैत्रिणीकडून मागून आणलेला आणि हरवलेला हार मुळात नकली होता, हे अगदी शेवटी कळतं. धक्का बसतो हे खरं, पण त्याची तयारी लेखकानं आधीच करून ठेवलेली आहे. नायिका मातिल्द मैत्रिणीकडे हिऱ्यांचा हार मागते आणि मैत्रीण क्षणाचाही विचार न करता हो म्हणते. हार हरवल्यावर नवराबायको रिकामी डबी घेऊन डबीवर नाव असलेल्या सराफाकडे जातात. तो वह्या चाळून सांगतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझ्याकडची असेल. गुजरीत दागिने घेणारा कुणीही इथे थबकेल. एवढा महागाचा हार, मग डबी दुसऱ्याच दुकानाची कशी? पुढे नवा हार परत दिला जातो तेव्हा मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. या तीन जागा मुलांना पेन्सिलीनं शोधायला लावल्या की शेवटाचा धक्का त्यांच्या डोळ्यांसमोर उलगडतो.

आता या कथेतला संघर्ष. गाइड म्हणतं, गरिबी विरुद्ध श्रीमंती. संघर्ष शोधायची सोपी रीत म्हणजे एक वाक्य पुरं करायचं: ‘अमक्याला अमुक हवं आहे, पण त्यासाठी त्याला तमुक करावं लागेल.’ मातिल्दला सुटका हवी आहे, पण त्यासाठी मैत्रिणीला खरं सांगावं लागेल. तिथेच ती अडते. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती लिहून पाठवते की हाराचा फासा तुटला आहे, दुरुस्तीला दिला आहे. त्या चिठ्ठीपायी 36,000 फ्रँकचा हार घेतला जातो. वडिलोपार्जित 18,000 जातात, उरलेले कर्जाऊ घेतले जातात आणि फेडायला दहा वर्षं लागतात. मूळ हार फार तर 500 फ्रँकचा होता.

स्वभावचित्रणाच्या उत्तरात तर विशेषणांची रास असते. मातिल्दबद्दल लिहितात: गर्विष्ठ, असमाधानी. पूर्वार्धापुरतं ठीक. उत्तरार्धात तीच बाई मोलकरीण काढून टाकते, माळ्यावरच्या खोलीत राहायला जाते, पाण्याची बादली घेऊन चढताना प्रत्येक मजल्यावर दम खात थांबते, एकेका पैशासाठी बाजारात भांडते. नवरा रात्री पानाला पाच सू (हे तिथलं किरकोळ नाणं) या दरानं मजकूर नकलून देतो. गर्विष्ठ हा शब्द इथे कुठे बसतो? विशेषण लिहिलं की शेजारी त्या पात्राची एक कृती लिहायची, अशी सक्ती करावी. कृती सापडली नाही तर विशेषण खोडायचं.

प्रतीक वस्तूच असावं असंही नाही, शब्दही चालतो. टागोरांच्या ‘काबुलीवाला’ (1892) मध्ये काबूलहून आलेला फेरीवाला रहमत पाच वर्षांच्या मिनीला थट्टेनं म्हणतो, तू सासरी जाऊ नकोस. ती उलट विचारते, तू जाणार? कर्जदाराला भोसकल्याबद्दल त्याला बेड्या घालून नेत असताना मिनी पुन्हा तेच विचारते आणि तो हसत म्हणतो, तिथेच चाललोय. आठ वर्षांनी तो सुटून येतो तो मिनीच्या लग्नाच्या दिवशी. आता प्रश्न त्याचा असतो, आणि तो ऐकून मिनी लाजून तोंड फिरवते. एकच शब्द थट्टेचा होतो, तुरुंगाचा होतो आणि शेवटी खरा होतो. मराठीत मुलगी जाते सासरी आणि जावई जातो सासुरवाडीला. बंगालीत दोन्हींना एकच शब्द आहे. अनुवादात दोन शब्द आले की हा धागाच तुटतो, म्हणून ही कथा शिकवताना ‘सासर’ हा एकच शब्द शेवटपर्यंत धरून ठेवावा.

त्याच कथेत रहमतच्या अंगरख्यातून मळका कागद निघतो. त्यावर काजळी लावून उमटवलेला त्याच्या मुलीच्या हाताचा ठसा असतो. फोटो नव्हे, चित्र नव्हे, असं टागोर मुद्दाम सांगतात. तो ठसा वाढत नाही, गावाकडची मुलगी मात्र वाढत असते, आणि मिनीला नवरीच्या वेशात पाहीपर्यंत हे रहमतच्या ध्यानातही आलेलं नसतं. त्याच्या पगडीला मात्र अर्थ चिकटवू नये. ती त्याच्या मुलखाचा पोशाख आहे, एवढंच. दिसेल त्याचं प्रतीक करणं हीदेखील चूकच.

शंका आली तर वस्तू बदलून बघावी. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हमीद तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. चिमट्याऐवजी मिठाई घेतली असती तर? प्रेम तेवढंच राहिलं असतं, पण तव्यावर भाजणारी तिची बोटं कथेतून गेली असती. दोन-दोन पैशांची मातीची खेळणी फुटतात आणि लोखंड टिकतं, तेही गेलं असतं. इथे कथा मोडते, म्हणून चिमटा बदलता येत नाही.

याला दोन तास पुरतात. पहिल्या तासाला कथा सलग मोठ्यानं वाचावी, मध्ये काही विचारू नये. दुसऱ्या तासाला पेन्सिल घेऊन वाचावं आणि दोनदा किंवा अधिक वेळा आलेल्या वस्तू आणि शब्द समासात लिहावेत. क्रम उलटा केला तर मुलं प्रतीकंच शोधत बसतात आणि कथेत रमत नाहीत.

आपल्या पुरवणीला एक विनंती. नमुना उत्तर छापताना ‘अमुक हे तमुकचे प्रतीक’ या वाक्याखाली कथेतली जागा द्यावी: कितवा परिच्छेद, कोण बोलतं, वस्तू कुणाच्या हातात आहे. आणि प्रश्न काढणाऱ्यांनी एकदा असंही विचारून बघावं, ‘काबुलीवाला’त सासरचा प्रश्न कोण कुणाला विचारतं आणि दर वेळी उत्तर काय मिळतं?

आपला,
एक मराठी शिक्षक, कोल्हापूर