मावशी, तुम्ही मला घाई केली नाहीत

मावशी,

चष्मा लावून वाचत बसायचा तुम्हाला कंटाळा, तेव्हा हे पत्र तुमची नातच वाचून दाखवणार. तिला म्हणावं, सावकाश वाच. हे सगळं मी तुम्हाला एकटीला गाठूनही सांगू शकले असते. पण दुःखाच्या घरी जाऊन काय बोलावं ते कळत नाही अशी माणसं खूप असतात, मीही त्यांतलीच होते. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

आईच्या शेवटच्या 14 महिन्यांत तुम्ही तिला सांभाळायला रात्रपाळीला होतात. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर 2 तासांनी तिची कूस बदलायची. तुम्ही खांद्याकडे, मी पायांकडे. उचलायच्या आधी तुम्ही हळूच म्हणायचात, "धर रे देवा." पहिल्यांदा मला वाटलं, ही तुमची सवय, जशी कुणी "हुश्श" म्हणतं तशी. मग एका रात्री तुम्ही जनाबाईंबद्दल बोललात. त्यांच्या अभंगांतला देव दळायला बसतो, केर भरतो. "मग पेशंटची कूस बदलायला का नाही येणार?" असं तुम्ही अगदी सरळ विचारलंत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तेव्हा देवाकडून मदतनीस नको होता, आई बरी व्हायला हवी होती.

ती गेली. आणि ज्याच्यासाठी मी 6 वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती, ते कामच एका दुपारी संपलं. दुःख होणार हे ठाऊक होतं. हात रिकामे झाल्यावर आपण कोण उरतो, हा प्रश्न मात्र मला कुणी आधी सांगितला नव्हता. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचे फोन, चादरी, थर्मामीटर यांतून माझा दिवस बनत होता. तो दिवसच नाहीसा झाला. आता लोक म्हणत होते, "चला, तुम्ही मोकळ्या झालात."

भेटायला आलेल्यांपैकी एकांनी तुकोबांचा दाखला दिला. दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळाने पीडलं तेही बरंच झालं, असं तुकोबा देवाला म्हणतात, तेव्हा तुम्हीही यात देवाची कृपा बघा, असं ते समजावत होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला तिथून उठून जावंसं वाटलं. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "तुकोबा ते मागाहून म्हणाले हो. बायको-लेकरू गेलं त्या दिवशी नाही म्हणाले."

मावशी, या एका वाक्याने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. 1630 च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. आईवडील तर त्याआधीच गेलेले. "बरं झालं" हा शब्द त्या सगळ्यातून चालून पलीकडे पोचलेल्या माणसाचा आहे. अजून पाण्यात असलेल्याच्या तोंडी तो दुसऱ्याने कोंबायचा नसतो.

आईच्या कपाटातली गाथा मी त्यानंतर काढली. साडेचार हजारांवर अभंग. त्यांत कृपा आहे, आनंद आहे आणि माझ्यापुरता देव मेला असं म्हणणारा अभंगही आहे. तो सापडला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होते. ज्याला आपण संतांमध्ये एवढं वरचं स्थान देतो तो हे बोलला, आणि ते कुणी गाथेतून काढून टाकलं नाही! पुढे माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने दाखवलं की बायबलमधल्या 150 स्तोत्रांत कितीतरी विलापाची आहेत, आणि 88 वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. म्हणजे देवाशी भांडायची जागा देवाच्याच घरात आहे. तोवर मला वाटायचं, भांडले की मी त्या घराबाहेर गेले.

मग ते रात्रीचं. आई गेल्यावरही मला बरोबर 2 वाजता जाग यायची. अंगाला सवयच लागली होती, पाय आपोआप तिच्या खोलीकडे वळायचे आणि दारात पोचल्यावर सगळं पुन्हा आठवायचं. तुमची ड्युटी संपली होती, तरी तुम्ही पुढच्या गुरुवारी आलात. मी रडत तुम्हाला सांगितलं की झोप नाही, प्रार्थना होत नाही, देवावर विश्वास बसत नाही. तुम्ही म्हणालात, "तो बसत नाही तर राहू दे. तुम्ही बसा. जाग येतेच आहे, तर 2 वाजता तिथेच बसा आणि जे मनात येईल ते त्याला सांगा. शिव्या आल्या तर शिव्या."

मी बसले. पहिले कितीतरी दिवस माझी प्रार्थना एवढीच होती: "उठले आहे." काही रात्री नुसता राग. एका रात्री मी त्याला विचारलं, एवढं मागितलं त्याचं काय केलंस? उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही, आणि आलं असं मी खोटं लिहिणार नाही. पण बसता बसता एक गोष्ट झाली. त्या खोलीत आईला किती दुखत होतं एवढंच मला आठवायचं. हळूहळू दुसरंही आठवायला लागलं. आपण दोघी वाकलेल्या, दिवा मंद, आणि तुमचं ते "धर रे देवा". मग वाटलं, माझ्यात एवढं बळ नव्हतं. मणक्याचा त्रास असलेली मी आणि साठी ओलांडलेल्या तुम्ही, आणि 14 महिने एकदाही आईला पाठीवर जखम झाली नाही. ती होऊ नये म्हणून कुणीतरी धरत होतं. आई वाचली नाही, पण आपल्याला एकट्याने उचलावं लागलं नाही. माझा विश्वास परत आला तो या वाटेने, आणि तो पूर्वीचा नाही. पूर्वी मी देवावर विश्वास ठेवायचे तो माझं काम होईल म्हणून.

नोकरी शोधतानाचं थोडक्यात सांगते. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "6 वर्षं तुम्ही काहीच केलं नाही?" घरी येऊन मी त्या 2 च्या वेळेची वाट बघितली, आधी देवाला सांगितलं आणि सकाळी तुम्हाला. पुढे हिशेबाचं काम मिळालं, पूर्वीपेक्षा कमी पगाराचं. लोक म्हणाले, बघा, प्रार्थनेला फळ आलं. मी तसं म्हणत नाही. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्यासोबत आणखी दोघी होत्या. त्यांनीही प्रार्थना केलीच असेल, आणि त्यांचा देव काही वेगळा नव्हता. काम नसतं मिळालं तरी मी त्या रात्री तिथे बसले असते, एवढं मात्र मला माझ्याबद्दल आता कळलं आहे. ते तुमच्यामुळे.

मावशी, त्या महिन्यांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की आता बरं वाटतंय का. "यातून काय शिकलात" असंही नाही. आलात, शेजारी बसलात, मी गाथा वाचली ती ऐकलीत, अडले तिथे तुम्हाला पाठ असलेली ओळ पुरी केलीत. पैशाचा विषय काढला तेव्हा रागावलात. म्हणून पुन्हा काढत नाही. मनापासून आभार मानते, तेवढे तरी घ्या.

गेल्या आठवड्यात तुमच्या गुडघ्यामुळे आपला गुरुवार चुकला. पुस्तकात थांबलो होतो तिथे खूण घालून ठेवली आहे, पुढचं मी एकटीने वाचलेलं नाही. या वेळी तुम्ही जिना चढू नका, पुस्तक घेऊन मीच येते.

तुमच्या पेशंटची मुलगी