शीळ घालता येते का?

आदरणीय फादर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी वडाळ्याच्या, रस्त्यावरच्या मुलांसाठीच्या निवाऱ्यातली माझ्याबरोबरची कितीतरी मुले, आता आपापल्या मुलांचे हात धरून आलेली, तुमच्याविषयी बोलली. मी मात्र माईकपाशी जाऊन परत फिरलो, कारण तोंड उघडले असते तर शब्दांऐवजी रडूच आले असते. त्या दिवशी राहून गेले ते आज लिहितो आहे.

साखर कारखान्याच्या तळावरच्या कोपीतून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतून पळून, मनमाडला गाडीत शिरून मी दादरला उतरलो तेव्हा ११ वर्षांचा होतो. त्याआधीच्या शाळेत पाढे येत नाहीत म्हणून गुरुजींनी मला वर्षभर दाराबाहेर बसवले होते. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि मला सोबत नेत, मग पाढे कोठून यावेत, हे गुरुजींनी एकदाही विचारले नाही. मुंबईत ज्या हॉटेलात मी ८ महिने कपबश्या विसळल्या, तिथे मी पगार मागितला म्हणून मालकाने मला रात्री रस्त्यावर काढले. फलाटावर ज्यांच्या हाती काठी होती त्यांनी ती चालवली, आणि ज्यांच्या हाती कागद होते त्यांनी नाव, गाव, दाखला विचारला. माझ्याकडे दाखला नव्हता, अक्षरओळख नव्हती, बाराखडीही पुरी नव्हती. त्या वर्षभरात ज्या ज्या मोठ्या माणसाने मला प्रश्न विचारला, त्याचे माझ्यापाशी एकच उत्तर होते: नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी मला त्यातले काहीच विचारले नाही. पायरीवर माझ्याशेजारी बसलात, बराच वेळ गप्प राहिलात आणि मग तुमच्या कोकणी वळणाच्या मराठीत म्हणालात, "शीळ घालता येते का रे तुला?"

येत होती. गाडीच्या बैलांना पाणी पाजताना वडील घालत ती लांब, सावकाश चढत जाणारी शीळ मी घातली. ती ऐकल्याशिवाय आमचे बैल पाण्याला तोंड लावत नसत, असेही सांगितले. तुम्ही इतक्या गंभीरपणे ऐकलेत की जणू मी तुम्हाला काही विद्या देत होतो, आणि मग स्वतः ओठ आवळून प्रयत्न केलात. नुसती हवा निघाली. "परत दाखव," म्हणालात. कोणालातरी काही शिकवण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. जेवण, अंथरूण, पुढे शाळा, हे सगळे तुम्ही दिलेत आणि त्याची किंमत मी जाणतो, तरी मी त्या निवाऱ्यात टिकलो तो त्या प्रश्नामुळे.

तो प्रश्न कोठून आला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. इटलीतल्या तुरिन शहरात ८ डिसेंबर १८४१ रोजी, मरियामातेच्या सणाच्या दिवशी, अवघ्या सहा महिन्यांपूर्वी दीक्षा झालेले तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को चर्चमध्ये मिस्सेसाठी, म्हणजे उपासनेसाठी, तयार होत होते. थंडीमुळे आत शिरलेल्या बार्तोलोमेओ गारेल्ली नावाच्या एका अनाथ मुलाला मिस्सेत सेवा करता येत नाही म्हणून चर्चचा सेवक काठीने हाकलत होता. बॉस्कोंनी त्या मुलाला परत बोलावले आणि तो माझा मित्र आहे असे सेवकाला सांगितले. वाचता येते? नाही. लिहिता येते? नाही. गाता येते? नाही. मग शिट्टी वाजवता येते का, असे त्यांनी विचारले आणि मुलगा हसला, असे सांगतात. पुढच्या रविवारी तो आणखी मुलांना घेऊन आला, आणि आज जगभर चाललेल्या, बॉस्कोंनी स्थापलेल्या तुमच्या सालेशियन संघाच्या फादरांच्या कामाची सुरुवात त्या दिवसापासून मानतात. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. दीडशे वर्षांहून जुना एक प्रश्न हातोहात येत येत माझ्यापर्यंत, ऊसतोड्याच्या पोरापर्यंत, पोहोचला होता.

स्वतः बॉस्को दोन वर्षांचे होण्याआधीच वडिलांना पारखे झाले होते आणि आई मार्गारिता यांनी त्यांना शेतावर वाढवले. तुरिनच्या तुरुंगांत त्यांनी कोवळी मुले पाहिली आणि त्यांना वाटले की बाहेर एखादा तरी मित्र असता तर ही मुले पुन्हा येथे आली नसती. १८४६ साली वाल्डोक्को भागातल्या एका पडवीवजा जागेत मुलांना कायमचा ठाव मिळाला, आणि त्याच वर्षी म्हातारी मार्गारिता स्वतःचे घर सोडून त्या मुलांना रांधून घालायला, त्यांचे फाटके कपडे शिवायला आली. रात्रीच्या आसऱ्याला आलेली काही मुले सकाळी पांघरुणे घेऊन पसार झाली, तरी दार बंद झाले नाही. मीही दोनदा पळालो होतो, फादर, हे तुमच्या लक्षात असेलच.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लेथवर काम शिकायला तुम्ही मला ज्या वर्कशॉपमध्ये घातलेत, तेथे मालकासमोर बसून तुम्ही कागदावर लिहून घेतलेत की मजुरी दर आठवड्याला मिळेल, रविवारी सुट्टी असेल आणि चूक झाली तर शब्दांनी सांगायचे, हात उगारायचा नाही. बॉस्कोंनी १८५२ मध्ये आपल्या एका मुलाला सुताराकडे ठेवताना असाच लेखी करार केला होता. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेच्या कागदावर, अंगठा उठवला, पण त्यांच्या बाजूने एक ओळ कोणी कधी लिहिली नव्हती. माझ्यासाठी ती तुम्ही लिहिलीत. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे.

इतक्या वर्षांत तुम्ही मला ना धर्म विचारलात, ना चर्चमध्ये ये म्हणालात. गणपतीला गावी जायला पैसे मात्र दर वर्षी दिलेत.

वडील थकले आहेत आणि गाडी बैल विकून टाकले. तुमचा नवा पत्ता मिळाला आहे, पुढच्या महिन्यात धाकट्याला घेऊन येतो. ती शीळ तुम्हाला अजून जमत नाही असे निरोपाच्या दिवशी पोरे सांगत होती. धाकट्याला चांगली येते, तो दाखवील.

तुमचा,
वडाळ्याचा एक मुलगा