वसुलीवाला म्हणजे बेलीफ नव्हे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास आमच्या धनकवडीतील इमारतीत दोन तरुण एका सुताराच्या दारात येऊन उभे राहिले आणि ‘आम्ही कोर्टाचे बेलीफ, आज जप्ती होणार’ असे म्हणत त्यांनी उंबऱ्याशी ठेवलेल्या रंधा-पटाशीच्या पिशवीला हात घातला. मी कागद मागितला. हाती आले ते कर्ज देणाऱ्या कंपनीचेच, वर तराजूचे चित्र छापलेले पत्र. त्यावर ना दरखास्तीचा (निकालाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात केलेल्या अर्जाचा) क्रमांक होता, ना न्यायालयाचा शिक्का. दोघे निघून गेले खरे, पण तोवर सुताराच्या पत्नीने गळ्यातले मंगळसूत्र काढून मुठीत धरले होते.

बेलीफ हा दिवाणी न्यायालयाचा कर्मचारी असतो. धनकोने, म्हणजे पैसे येणे असलेल्याने, दावा जिंकून हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, मिळवला, अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली आणि न्यायालयाने वॉरंट काढले, तरच तो जप्तीला येतो. आणि तेव्हाही 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने त्याला मर्यादा घातल्या आहेत. कलम 62 नुसार जंगम (हलवता येण्याजोग्या) मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. कलम 60 नुसार आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. त्या रात्री खरा बेलीफ आला असता, तरी ती पिशवी आणि ते मंगळसूत्र त्याला नेता आले नसते. पगारातूनही पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात, म्हणजे 25,000 रुपये पगार असेल तर 17,000 सुरक्षित राहतात. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र वेगळा हिशेब आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटकही करता येत नाही.

याचा अर्थ बेलिफाला दारातून हाकलावे असा नव्हे. ऋणकोच (पैसे देणे असलेलाच) स्वतःच्या घरात शिरू देत नसेल, तर बाहेरचे दार तोडण्याची मुभा कायद्यात आहे. तेव्हा दार उघडावे, वॉरंट वाचावे आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी मागून घ्यावी.

वसुली एजंटाला यातला कोणताच अधिकार नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँकांना आणि वित्त कंपन्यांना बजावले आहे. तरी रात्री नऊला फोन आला नाही असा कर्जदार मला अजून भेटायचा आहे.

शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आमच्या इमारतीत एकीलाही ठाऊक नव्हते. प्राधिकरणाने कलम 60 आणि 62 चा सोप्या मराठीतला एक पानी मजकूर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांतील फलकांवर लावावा आणि प्रत्येक जप्ती वॉरंटासोबत त्याची प्रत देण्याची व्यवस्था व्हावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, धनकवडी, पुणे